बांधलेला पगार सोडताना

घरात बदलीचा, कमी पगाराचा विषय निघाला की मला आपले अमळनेरचे साने गुरुजी आठवतात. १९२४ साली ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहही सांभाळलं. पोरांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले. आई १९१७ सालीच गेलेली. ही मुलंच त्यांचं घर. तरी १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडली! पुढे पगार नाहीच, तुरुंग. (बाईला असं उठून जाता आलं असतं का, हा प्रश्न मला पडतोच.) १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. गुरुजी ते भराभर लिहून घ्यायचे. माझ्या देवघरातलं ‘गीता प्रवचने’ त्याच टिपणांतून झालेलं.