लेदर जाकीट आणि हॅन्सीची कॅप्टनशिप

मुळशीतून हिंजवडी मागे टाकून एक्स्प्रेस वेकडे निघालात, की मावळच्या हद्दीत गहुंज्याचं स्टेडियम लागतं. २६ मार्च २०२१ ला तिथे भारत-इंग्लंड वनडे होती. कोरोनामुळे आत प्रेक्षकांना बंदी. पण बाहेर मात्र काही जण मॅच बघत होते! घोरावडेश्वरच्या डोंगरावर आणि मामुर्डीतल्या एका इमारतीत दुर्बिणी, कॅमेरे घेऊन बसलेली ही मंडळी. टीव्हीवर बॉल दिसायला काही सेकंद उशीर होतो, तेवढ्या वेळात सट्टा लावायचा, असा पोलिसांचा आरोप. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी तेव्हा ३३ जणांना पकडलं.

काही सेकंद आधी कळण्यासाठी लोक डोंगर चढतात. मग जो माणूस मैदानावर सगळे निर्णय घेतो, त्यालाच आधी विचारता आलं तर? असं एकदा झालंय. त्या माणसाचं नाव हॅन्सी क्रोनिए. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. घरी काकाला किंवा बाबांना हे नाव विचारून बघा, चेहरा लगेच बदलतो की नाही ते.

वेसल योहानेस क्रोनिएचा जन्म २५ सप्टेंबर १९६९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोमफाँटेनचा. वडील एवी हे स्वतः ऑरेंज फ्री स्टेट प्रांताकडून क्रिकेट खेळलेले. पोरगा ग्रे कॉलेज या नावाजलेल्या शाळेत हेड बॉय, शिवाय क्रिकेट आणि रग्बी दोन्ही टीमचा कॅप्टन. पुढे बी. कॉम. केलं आणि २१ व्या वर्षी फ्री स्टेटचा कॅप्टनही झाला. आपल्याकडच्या आया ज्याचं उदाहरण देऊन पोरांना वैताग आणतात ना, तसला मुलगा!

त्याची वेळही जबरदस्त जुळून आली. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका २० हून जास्त वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर होती. ती १९९१ मध्ये परत आली आणि १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये हॅन्सी टीममध्ये होता. १९९४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याच्याकडे देशाची कॅप्टनशिप आली. ५३ टेस्टमध्ये कॅप्टन, त्यातल्या २७ जिंकल्या आणि फक्त ११ हरल्या. १३८ वनडेत ९९ विजय. सचिन तेंडुलकरला त्याच्या साध्या मिडियम पेसने त्रास दिला, हे तर भारतीय फॅन आजही विसरलेले नाहीत. हॅन्सी धार्मिक होता. अशा वेळी येशूने काय केलं असतं, याची आठवण करून देणारा पट्टा तो मनगटावर घालायचा. नेल्सन मंडेलांच्या नव्या देशात तो खेळातला आदर्श होता.

आता १९९६ चा डिसेंबर. टीम भारताच्या दौऱ्यावर, कानपूरला तिसरी टेस्ट सुरू होती. हॅन्सीनेच पुढे शपथेवर सांगितल्यानुसार, एका बुकीने शेवटच्या दिवशी विकेट्स पडाव्यात म्हणून त्याला ३० हजार डॉलर दिले. तो कुणाशीच काही बोलला नाही. टीम तशीही हरणारच होती आणि हरली. पैसे मात्र त्याने ठेवून घेतले. आपण काही केलंच नाही, मग बिघडलं कुठे, असा हा हिशेब. इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं याच हिशेबावर उभं राहिलं.

त्यानंतर काही दिवसांतच टीम मुंबईत होती. मोहिंदर अमरनाथच्या मदतीसाठी एक वनडे ठेवलेली. दौऱ्याचा शेवट, सगळे थकलेले, घरी जायची घाई. मॅच हरायची दोन-अडीच लाख डॉलरची ऑफर कॅप्टनने थेट टीम मीटिंगमध्ये मांडली! काही खेळाडू ठामपणे विरोधात बोलले आणि ऑफर फेटाळली गेली. म्हणजे टीमने योग्य तेच केलं. पण ऑफर आणणारा कॅप्टन पुढची तीन वर्षं कॅप्टनच राहिला.

जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनला इंग्लंडविरुद्ध टेस्ट होती. पावसात तीन दिवस वाहून गेले. शेवटच्या दिवशी हॅन्सीने इंग्लंडच्या कॅप्टनपुढे भन्नाट प्रस्ताव ठेवला, दोघांनी एकेक डाव सोडून द्यायचा. इंग्लंडला २४९ चं टार्गेट मिळालं आणि त्यांनी दोन विकेट राखून ते गाठलं. मरायला टेकलेल्या मॅचमध्ये जीव आणला म्हणून हॅन्सीचं कौतुकही झालं. नंतर कळलं, की निकाल लागावा म्हणून सट्टेबाजीच्या धंद्यातल्या एका माणसाने आदल्या रात्री त्याची भेट घेतली होती. त्याबद्दल हॅन्सीला मिळाले सुमारे ५३ हजार रँड आणि एक लेदर जाकीट.

हो, जाकीट! देशाच्या कॅप्टनला जाकिटाची काय कमी होती?

त्याच सुमारास डर्बनच्या हॉटेलात त्याला मोबाइलचं एक खोकं देण्यात आलं. आत डॉलर. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा भारत दौरा. टेस्ट मालिका दक्षिण आफ्रिकेने २-० ने जिंकली. वनडे मालिकेची शेवटची मॅच १९ मार्चला आपल्या नागपुरात होती. त्या सकाळी कॅप्टनने दोन खेळाडूंना गाठलं. हर्शेल गिब्जने २० च्या आत आऊट व्हायचं, हेन्री विल्यम्सने १० ओव्हरमध्ये ५० हून जास्त रन द्यायचे, प्रत्येकी १५ हजार डॉलर. दोघंही हो म्हणाले. दोघंही गोरे नव्हते आणि दोघांचीही टीममधली जागा पक्की नव्हती. कॅप्टनला नाही म्हणणं त्यांना कितपत शक्य होतं, तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे नागपुरात काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही. गिब्ज बॅटिंगला गेला आणि त्याने ७४ ठोकले. विल्यम्सचा खांदा दुखावला, ११ बॉल टाकून तो बाहेर. दक्षिण आफ्रिकेने ३२० केले आणि १० रनांनी मॅच जिंकली.

पण दिल्ली पोलीस खंडणीच्या एका तपासात काही फोन ऐकत होते. त्यात क्रिकेटची बोलणी सापडली. ७ एप्रिल २००० ला त्यांनी हॅन्सीचं नाव जाहीर केलं तेव्हा जगाने पोलिसांनाच हसून घेतलं. हॅन्सीने आरोप साफ नाकारले. चार दिवसांनी पहाटे त्याने बोर्डाचे प्रमुख अली बाकर यांना फोन करून आपण पूर्ण खरं बोललो नसल्याचं कबूल केलं. कॅप्टनशिप गेली. जूनमध्ये केपटाऊनला न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगासमोर साक्ष झाली. गिब्ज आणि विल्यम्सवर सहा महिन्यांची बंदी आली. गिब्ज परतला आणि पुढे बरीच वर्षं खेळला. विल्यम्स देशाकडून पुन्हा कधीच खेळला नाही. हॅन्सीला ऑक्टोबरमध्ये आजन्म बंदी. पुढे तो एका कंपनीत नोकरीला लागला. १ जून २००२ ला घरी जॉर्जला जायला त्याने एका मालवाहू विमानात जागा मिळवली. खराब हवेत ते विमान डोंगरावर आदळलं. दोन्ही पायलट आणि हॅन्सी, तिघंही गेले. तो ३२ वर्षांचा होता. दिल्ली पोलिसांचं आरोपपत्र आलं २०१३ मध्ये, तो जाऊन ११ वर्षं झाल्यावर.

आता येऊ आजच्या वादाकडे. सट्टा कायदेशीर करावा का? आपल्याकडे जुगार हा राज्यांचा विषय. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर परवान्याने घोड्यावर पैसे लावता येतात, पण क्रिकेटवर लावले तर गुन्हा. २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने सट्टा नियमात बसवून कायदेशीर करावा, असं सुचवलं. २०१८ मध्ये कायदा आयोगाने सांगितलं, की बंदी बरी, पण ती जमत नसेल तर आधार-पॅन जोडून, कॅशलेस आणि मर्यादा घालून परवानगी द्या, आणि मॅच फिक्सिंग हा स्वतंत्र गुन्हा ठरवा. २०२५ मध्ये केंद्राने उलटी दिशा धरली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर देशभर बंदी आणली.

कायदेशीर करा म्हणणारे सांगतात, की पैसा उजेडात येईल, टॅक्स मिळेल, विचित्र रकमा लागल्या तर लगेच दिसतील. विरोधक म्हणतात, की पोरं कर्जात बुडतील, घरं उद्ध्वस्त होतील. दोन्ही बाजूंत दम आहे.

हॅन्सीचं आयुष्य या वादात कुणा एकाच्या बाजूने साक्ष देत नाही. नागपूरचा सौदा बेकायदा बाजारातला होता. तिथे कसलीच नोंद नव्हती, म्हणून तो दुसऱ्याच गुन्ह्याच्या तपासात, योगायोगाने सापडला. हा कायदेशीरवाल्यांचा मुद्दा. पण सेंच्युरियनचं जाकीट ज्या देशात दिलं गेलं, तिथे परवानाधारक बुकी तेव्हाही होते. परवान्यामुळे कॅप्टनचा मोह थांबला नाही. मला वाटतं, सट्टा बंद ठेवा नाहीतर उघडा, खेळाडूपर्यंत बुकी पोहोचू नये, पोहोचलाच तर खेळाडूला न घाबरता तक्रार करता यावी आणि फिक्सिंगसाठी वेगळा कायदा असावा, या तीन गोष्टी आधी हव्यात. त्यातला वेगळा कायदा देशात आजही नाही.

आणि हे फक्त इंटरनॅशनलवाल्यांसाठी नाही बरं का. तुम्ही कॉलेजच्या टीममध्ये असाल, पौड-पिरंगुटच्या टेनिस बॉल स्पर्धेत खेळत असाल, तर आजकाल मॅच यूट्यूबवर लाइव्ह जाते. उद्या कुणी सहज विचारेल, ओपनिंगला कोण जाणार, टॉस जिंकला तर काय घेणार? सोबत बूट किंवा नवी बॅट देऊ करेल. वर म्हणेल, तुला काही करायचंच नाहीये. तेव्हा ती बॅट तिथेच परत करा आणि त्याच दिवशी कोचला सांगा.