रमाबाई रानडे : ‘आठवणीं’नंतरची तेवीस वर्षे

आत्मचरित्राचा अभ्यास करताना रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाचा परिचय तुम्हांला झालेला असेल. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातील कथन न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनापाशी, म्हणजे जानेवारी १९०१ मध्ये थांबते. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात रमाबाईंची जी प्रतिमा उरते, ती पतीकडून शिकणाऱ्या आज्ञाधारक पत्नीची असते. वस्तुतः त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या आणि त्या काळात त्यांनी जे काम उभे केले, त्याविषयी या पुस्तकातून फारसे काही हाती लागत नाही. प्रस्तुत घटकात आपण त्या कामाच्या एकाच अंगाचा विचार करणार आहोत. ते अंग म्हणजे आरोग्यसेवेसाठी स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचे.

आधीच्या आयुष्याचा तपशील थोडक्यात पाहू. रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. मुलींना शिकवण्याची रीत माहेरी नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह एकतीस वर्षांच्या रानड्यांशी झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा त्या शिकल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष आणि अबोला सोसत हे शिक्षण झाले, हे तुम्ही ‘आठवणीं’त वाचलेच आहे. येथे एवढेच ध्यानात ठेवावे, की शिकू पाहणाऱ्या सुनेवर घरातून नेमका कोणता दाब येतो, हे या बाईंना ऐकून नव्हे तर सोसून ठाऊक होते. पुढच्या कामात हे ज्ञान त्यांना पदोपदी उपयोगी पडले.

आता त्या काळच्या आरोग्यव्यवस्थेकडे वळू. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास कुलीन स्त्रिया तयार नसत, आणि स्त्री-डॉक्टर व शिकलेल्या सुइणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला, तर मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा हॉस्पिटल उभे राहिले. परंतु खेड्यापाड्यांत, आणि शहरांतील वाड्यांच्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोल्यांतही, परिस्थिती बदलली नव्हती. नाळ कापण्यासाठी हाताशी येईल ते हत्यार वापरले जाई. ते उकळून घ्यावे हे कोणास ठाऊक नसे. नवजात बालकाला धनुर्वात आणि बाळंतिणीला सूतिकाज्वर होऊन त्यात कितीएक जीव जात. १८९७ च्या प्लेगमध्ये तर पुण्याने या उणिवेचे दुसरेच रूप पाहिले. घरोघर तपासणीसाठी शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांविषयी जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी परपुरुषांकडून होणारी स्त्रियांची तपासणी हे एक मोठे कारण होते. हे काम करू शकतील अशा प्रशिक्षित स्त्रिया पुरेशा संख्येने उपलब्ध नव्हत्या.

पतीच्या निधनानंतर रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या वाड्यात परतल्या. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर ज्या कामासाठी त्या बाहेर पडल्या, ते फारसे डोळ्यांत भरणारे नव्हते. मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटणे, रुग्णालयातील रुग्णांकडे फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाणे, असा तो क्रम होता. चरित्रकार बहुधा या भेटींना धर्मकृत्य म्हणून दोन ओळी देतात. माझ्या मते त्यांना अधिक महत्त्व द्यावयास हवे. ज्या बाईने पुढे रुग्णालयात मुली पाठवल्या, तिने ते रुग्णालय आधी खाटेखाटेशी थांबून पाहिले होते.

मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाईंनी त्याची धुरा स्वीकारली. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले, तेही रानड्यांच्याच वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे संघटक होते. रमाबाई अध्यक्षा तर होत्याच, पण संस्थेच्या खऱ्या भांडवल त्याच होत्या, कारण त्यांच्या नावाच्या भरवशावर लोक आपल्या घरातील स्त्रिया संस्थेत पाठवू लागले.

येथे भाषेसंबंधी थोडे विषयांतर करतो. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत त्या काळी कोणते शब्द होते, ते पाहा. ‘सुईण’ आणि ‘दाई’ हे शब्द गावगाड्यात खालच्या मानल्या गेलेल्या जातींशी आणि विटाळाच्या कल्पनेशी जोडलेले होते. ‘नर्स’ म्हटले की ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयातील बाई डोळ्यांपुढे येई. ‘परिचारिका’ हा शब्द संस्कृतातून घेतलेला आणि भारदस्त, पण तो कागदावर राहिला. लोकांनी आपल्या बोलीत ‘नर्सबाई’ असे रूप घडवले. परक्या नामाला ‘बाई’ हे आदराचे शेपूट लागणे ही घटना दिसते तितकी साधी नाही. तो आदर मिळण्यापूर्वी बरेच काही घडावे लागले.

परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी ससून रुग्णालय हाताशी होते. तेथे वॉर्ड होते, डॉक्टर होते, शिकण्यासारखे सर्व काही होते. विद्यार्थिनी मात्र नव्हत्या. ब्राह्मण वा तत्सम घरातील विधवेने कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करायचा, रक्त आणि मलमूत्र हाताळायचे, रात्रपाळीसाठी घराबाहेर राहायचे, ही कल्पनाच सोवळ्याओवळ्याच्या चौकटीत बसत नव्हती. दुसरी अडचण अधिक साधी आणि म्हणूनच अधिक कठीण होती. ज्या स्त्रिया यायला तयार होत, त्यांना वाचता येत नसे. तापमापकावरील आकडा वाचणे, औषधाची मात्रा मोजणे, रुग्णाची नोंद लिहिणे यांसाठी आधी अक्षर आणि अंक यावे लागतात.

म्हणून सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग चालत. घरकाम आटोपल्यावर दुपारी येऊन पाटी धरणाऱ्या त्या बायका डोळ्यांपुढे आणा. तुमच्यापैकी अनेकांना हे दृश्य परके वाटणार नाही. या वर्गांतून काहीजणी अध्यापिका होण्याकडे वळत, काही शुश्रूषेच्या शिक्षणाकडे, तर काही वैद्यकीय शिक्षणाकडे. संस्थेने परिचारिका-विद्यार्थिनींसाठी आणि वैद्यकीय विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वसतिगृहे चालवली. आपल्याला आज वसतिगृह ही केवळ सोय वाटते. त्या परिस्थितीत तीच प्रशिक्षणाची पूर्वअट होती. मुलगी कोठे राहते, कोणाच्या हातचे जेवते, कोणाच्या देखरेखीखाली असते, या तीन प्रश्नांना रमाबाईंच्या संस्थेने उत्तर दिले, तेव्हाच सासरमाहेरचे लोक चौथा प्रश्न विचारण्यास, म्हणजे ती काय शिकते हे ऐकून घेण्यास, राजी झाले.

एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात शुश्रूषा-शिक्षणातील यशस्वी विद्यार्थिनींना बक्षिसे दिली जात होती. त्यांत केशवपन केलेली, तांबडे अलवण नेसलेली एक विधवा होती. ती व्यासपीठावर येताच प्रेक्षकांतील महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो उडवली. ध्यानात घ्या, की हुर्यो उडवणारे अडाणी नव्हते. शहरात सुशिक्षित म्हणून मिरवणारे होते. रमाबाई एरवी सौम्य बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्या संतापून उठल्या आणि भर सभेत त्या तरुणांना त्यांनी खडसावले. स्वतःला सुशिक्षित म्हणवण्याचा तुम्हांला काय अधिकार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तुमच्याही घरात अशी एखादी बहीण, आत्या किंवा मावशी असेल आणि तिच्या वाट्यास हे दुःख रूढीने आणले आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. सभा स्तब्ध झाली.

त्या स्त्रीच्या जागी स्वतःस ठेवून पाहा. वॉर्डातील रात्री तिने निभावल्या होत्या, परीक्षाही दिली होती. तिचे ज्ञान अपुरे आहे असे कोणी म्हटले नाही. तिला हसण्यास तिचे मुंडण पुरेसे होते. प्रशिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे मोजतो. व्यासपीठाच्या त्या चार पायऱ्यांची नोंद कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. मुंडण केलेल्या विधवेस व्यासपीठावर बोलावण्याऐवजी रमाबाई बक्षीस खाजगीत देऊ शकल्या असत्या, हेही विसरू नये.

पुढील वर्षांत काम विस्तारत गेले. १९१३ मध्ये गुजरात व काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मदतकार्यासाठी तेथे गेल्या. १९१५ साली पुण्याच्या सेवासदनाची रीतसर नोंदणी झाली. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून पुण्यात झालेल्या चळवळीचे नेतृत्वही त्यांनी केले. तो स्वतंत्र घटकाचा विषय आहे. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सेवासदनाच्या विविध विभागांत एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या.

अखेरच्या काही वर्षांत आषाढी आणि कार्तिकीच्या सुमारास त्या सेवासदनातील स्वयंसेविकांना घेऊन आळंदीस जात. यात्रेतील गर्दी, नदीचे पाणी आणि पटकीसारखे रोग यांचे नाते तेव्हा सर्वांस ठाऊक होते, आणि दूरदूरच्या गावांहून आलेल्या बायकांची विचारपूस करणारे तेथे कोणी नसे. साठीला टेकलेल्या रमाबाई त्या गर्दीत उभ्या राहत, आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण स्त्रिया आजारी वा चुकलेल्या वारकरी बायकांना हात देऊन बाजूला घेत.