कहाण्यांचा चितारी

आमच्या रत्नागिरीत आषाढ अमावास्या म्हणजे बाहेर धो धो पाऊस आणि आत चिंचेनं घासून लख्ख केलेले दिवे. त्यानंतर श्रावण. भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, आघाडा-दुर्वांची माळ होते, शुक्रवारी मुलांना ओवाळून चणे-गूळ हातावर ठेवायचे आणि मग कुणीतरी कहाणी वाचायची. आटपाट नगर होतं, असं म्हटलं की घरातली सगळ्यात वांड मुलंसुद्धा दोन मिनिटं तरी गप्प बसतात. जिवतीच्या त्या कागदावर नरसिंह असतो, कालियावर नाचणारा कृष्ण असतो, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका असतात आणि बुध-बृहस्पती असतात. वर्षानुवर्षं तो कागद लावताना हे चित्र कुणी काढलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नाही. तुमच्या तरी आला का, मैत्रिणींनो? आपल्या घरात येणाऱ्या चित्रांना नाव नसतंच. पंचांगावरची लक्ष्मी, साबणाच्या वेष्टनावरची बाई, कॅलेंडरवरचा बाळकृष्ण, सगळे बिननावाचेच.

म्हणून आज एका नाव असलेल्या चितारीची गोष्ट. तो आपल्या कहाण्यांशीच जोडलेला आहे.

1914 मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीनं एक पुस्तक काढलं, ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. लिहिणारे सी. ए. किंकेड हे इथले इंग्रज सनदी अधिकारी. पुस्तकात काय, तर आपल्याच व्रतांच्या कहाण्या! सोमवारची ती म्हातारी, जिच्या खुलभर दुधानं महादेवाचा गाभारा भरला. शुक्रवारची ती गरीब बहीण, जिला भावानं जेवणाच्या पंगतीतून उठवलं आणि पुढे श्रीमंती आल्यावर मानानं बोलावलं, तेव्हा तिनं अंगावरचे दागिने काढून त्यांनाच जेवू घातलं. दिव्यांच्या अवसेची ती सून, जिनं स्वतः खाऊन आळ उंदरांवर घातला. साहेबाच्या पोरांसाठी या कहाण्या इंग्रजीत गेल्या. पण विलायतेतल्या मुलाला नऊवारी कशी असते, आपला पाट आणि आपली पंगत कशी असते, हे कसं कळणार? ते दाखवण्याचं काम महादेव विश्वनाथ धुरंधर या मराठी माणसाकडे होतं.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 चा, कोल्हापूरचा. घराणं पाठारे प्रभूंचं, वडील कोल्हापूर दरबारी नोकरीला. शाळेत असल्यापासून हाताला चित्राचा नाद. कोल्हापुरात तेव्हा आबालाल रहिमान हा विलक्षण चित्रकार होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला, पुढे रानात एकटाच बसून चित्रं काढणारा. त्यांच्या सहवासात धुरंधरांना रंगांची खरी गोडी लागली. दुसरी ओढ राजा रविवर्म्याची. दमयंती, शकुंतला, सरस्वती ही सगळी मंडळी तेव्हा मोठमोठ्या दरबारांतून झळकत होती आणि पुढे रविवर्म्याच्या छापखान्यामुळे ती साध्या घरांतही आली. देवाधर्माचं चित्र छापून घरोघर पोचवता येतं, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! धुरंधरांनी ती नीट ध्यानात ठेवली.

1890 च्या जानेवारीत, बावीस वर्षांचा असताना, हा मुलगा जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणारे. त्यांनी या मुलाचा हात ओळखला. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक धुरंधरांना मिळालं. कुठल्या चित्राला? आलीस का लक्ष्मी, अशा अर्थाचं त्याचं नाव. परीक्षक बहुतेक साहेब, प्रदर्शन साहेबांचं. पण चित्राचं नाव आपल्या तिन्हीसांजेच्या उंबरठ्यावर शोभावं असं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या कामाचं बीज त्या नावातच आहे. पुढल्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

इथून पुढे नोकरीची चढती भाजणी मी पटकन सांगून टाकते. हेडमास्तर झाले, रावबहादूर झाले, 1930 मध्ये काही काळ जे. जे.चं संचालकपद सांभाळलं. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. 1931 मध्ये निवृत्त झाले. नव्या दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रं काढायचा मानही त्यांना मिळाला. शिवराज्याभिषेकाचं त्यांचं चित्र तर तुम्ही कुठे ना कुठे नक्की पाहिलेलं आहे.

पण मोठ्या भिंतींपेक्षा मला त्यांचं लहान काम जास्त आवडतं. पोस्टकार्डं, पुस्तकातली चित्रं, मासिकांची मुखपृष्ठं, रेल्वेची भित्तिपत्रकं, जाहिराती. आज ज्याला आपली मुलं ग्राफिक डिझाइन म्हणतात आणि ज्याच्या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जायचा हट्ट धरतात, ते काम धुरंधर शंभर वर्षांपूर्वी करत होते. तेव्हा त्याला असं भारदस्त नाव नव्हतं. पैशासाठी केलेली चित्रं म्हणून थोडं नाकही मुरडलं जायचं. धुरंधरांनी मात्र त्यात कधी कमीपणा मानला नाही.

आणि हे काम सोपं नसतं हो. भिंतीवरच्या तैलचित्रापुढे माणूस उभा राहतो, वेळ काढून बघतो. पोस्टकार्ड हातात येतं आणि पुढच्या क्षणी पाठ वळते. तळहाताएवढ्या जागेत, छपाईत रंग थोडे इकडेतिकडे झाले तरी चित्र कळलं पाहिजे. मग करायचं काय? माणसं कमी ठेवायची. रेषा ठसठशीत काढायची. आणि बाई कोण, कुठली, काय करतेय, हे एका नजरेत सांगणारी खूण शोधायची. धुरंधरांना ती खूण लुगड्यात सापडली. कासोटा कसा घातलाय, पदर डोक्यावरून आहे की खांद्यावर, कमरेला खोचलाय की मोकळा सोडलाय, ओचा किती वर आहे. आपण बायका बाजारात लांबून एखादीचं नेसणं पाहून ती कुठली हे ओळखतो ना, अगदी तसं. पुरुष असून हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. याचं कारण एकच, ते सतत रेखाटनं करायचे. गाडीत, बाजारात, लग्नात, जिथे असतील तिथे.

1912 मध्ये एस. एम. एडवर्ड्‌स यांचं मुंबईच्या गल्लीबोळांवरचं पुस्तक निघालं, ‘बायवेज ऑफ बॉम्बे’. त्यातही चित्रं धुरंधरांचीच. त्या पुस्तकात भंडारी समाजातल्या एका गूढ प्रकारावर प्रकरण आहे, कोकणातल्या एका दंतकथेवर आहे. म्हणजे आपल्याकडून बोटीत बसून मुंबईला गेलेली माणसं त्या पुस्तकात वावरतात. मुंबईहून चाकरमानी गणपतीला आला की त्याच्या ट्रंकेत खाऊ, कापड आणि एखादं रंगीत चित्र असायचंच. अशा छापील चित्रांतूनच कोकणातल्या घरांना मुंबईची पहिली ओळख झाली. ‘विसमी सदी’ हे गुजराती सचित्र मासिक 1916 पासून निघू लागलं. त्यातही धुरंधर होते.

आता एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. 1920 मध्ये ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज अधिकाऱ्याचं ‘विमेन ऑफ इंडिया’ आलं. त्यातली रंगीत चित्रं पाहिलीत तर हरखून जाल. गिरणीत काम करणारी, बोहरी, खोजा, घाटातली, कुठली कुठली बाई त्यात आहे! त्या काळच्या नेसणीचा, दागिन्यांचा, केसांच्या वळणाचा इतका बारीक दस्तऐवज दुसरा मिळायचा नाही. पण पानं उलटताना हळूहळू वाटू लागतं की या बायका एकेका जातीचा, प्रांताचा नमुना म्हणून उभ्या केल्यात. जशी फुलपाखरं टाचणीला लावून ठेवतात तशा. एकीलाही नाव नाही. शिवाय सगळ्या जरा जास्तच देखण्या. गिरणीत दहा-बारा तास उभी राहणारी बाई इतकी टवटवीत कशी दिसेल? हा दोष लेखकाच्या नजरेचा अधिक, पण कुंचला धुरंधरांचा होता, तेव्हा थोडा वाटा त्यांच्या पदरातही पडतो. गोडवा हा त्यांचा गुण आणि तोच त्यांचा दोष, असं मी तरी म्हणेन.

तरीही त्यांच्या बायका बाहुल्या वाटत नाहीत. त्या काही ना काही करत असतात. भरलेली टोपली डोक्यावर असताना मान कशी ताठ राहते, मूल कडेवर असलं की कंबर कुठल्या बाजूला झुकते, हे त्यांना ठाऊक होतं. घरंदाज बाईनं चित्रकारापुढे बसायची तेव्हा रीतच नव्हती. मग चित्रकाराची खरी शाळा म्हणजे त्याचं घर. धुरंधरांच्या घरानं सुखदुःख दोन्ही पाहिलं. पहिली पत्नी बापूबाई त्यांना फार काळ लाभली नाही. पुढे गंगूबाई आल्या, संसार पुन्हा उभा राहिला. सणवार, हळदीकुंकू, लग्नं, स्वयंपाकघरातली लगबग हे सगळं त्यांच्या चित्रांत येतं ते असं घरातल्या माणसानं पाहिलेलं. दारातून डोकावणाऱ्या पाहुण्याला ते तसं दिसलं नसतं.

आणि त्या घरातली मुलगी म्हणजे अंबिका. जन्म 1912 चा. लहानपणापासून वडिलांच्या रंगांच्या वासात वाढलेली. त्या काळी मुलीला चित्रं येत असली तर रांगोळी छान काढते म्हणून कौतुक व्हायचं आणि गोष्ट तिथेच संपायची. धुरंधरांनी तिला घरी शिकवलं आणि मग चक्क जे. जे.त घातलं. तिनं तिथली पदविका घेतली. वडिलांना संस्थानिकांकडून कामं यायची, तेव्हा ती बरोबर जायची आणि त्या कामात हातही लावायची. राजवाड्याच्या दिवाणखान्यात बापलेक दोघं रंग कालवत उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. आजही मुलीला कलाशाळेत घालायचं म्हटलं की पुढे काय करणार, लग्नाचं काय, असे प्रश्न आपल्या गावात दहा जण विचारतात. तेव्हा किती जणांनी विचारले असतील! अंबिकाबाईंनी लग्न केलं नाही. चित्रंच काढली.

1940 मध्ये धुरंधरांनी आपल्या आठवणी पुस्तकरूपानं दिल्या, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. शिकायला आले तेव्हापासून निवृत्तीपर्यंतची ती एकेचाळीस वर्षं. 1 जून 1944 रोजी ते गेले. तोवर चित्रकलेतली हवा पालटली होती. नव्या मुलांना ही गोड, नीटनेटकी, गोष्ट सांगणारी चित्रं जुनाट वाटू लागली होती. पोस्टकार्डं तर वापरून टाकून द्यायचीच वस्तू. कित्येक चित्रं पेटाऱ्यात गेली, कित्येकांना वाळवी लागली असेल.

मुंबईत खारच्या घरात मात्र अंबिकाबाई होत्या. वडिलांची चित्रं, रेखाटनं, कागदपत्रं त्यांनी पासष्ट वर्षं सांभाळली. दमट हवा, मुंबईचा पाऊस, एकटीचं घर. आपल्याकडे नुसता लग्नाचा शालू जपायचा तरी दरवर्षी ऊन दाखवावं लागतं. हे तर हजारो कागद. 2009 मध्ये त्या गेल्या तेव्हा सत्याण्णवाच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक, ‘माझी स्मरणचित्रे’, नंतर प्रसिद्ध झालं. 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं.

किंकेडसाहेबांचं ते कहाण्यांचं पुस्तक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, चित्रांसकट. परवा माझ्या भाचीनं मोबाइलवर उघडून दिलं. इंग्रजीतली दिव्यांच्या अवसेची कहाणी आम्ही दोघींनी अडखळत वाचली. भाचीनं चित्र बोटांनी मोठं केलं, नऊवारीच्या चुण्यांवरून बोट फिरवलं आणि मग कोपऱ्यातली सही शोधू लागली.