लक्ष्मीबाई टिळक यांची लेखणी

रेव्ह. नारायण वामन टिळक यांची गीते ज्या मंडळीत गायिली जात नाहीत अशी मराठी ख्रिस्ती मंडळी शोधूनही सापडणार नाही. परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव आपल्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस तितकेसे परिचयाचे नाही. शहरातील विद्वान मंडळी मात्र असे मानते की, मराठी भाषेत जी उत्तम आत्मचरित्रे झाली, त्यांत या बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. ही बाई कधी शाळेच्या बाकावर बसली नाही. अशा बाईच्या हाती ही लेखणी कोणी दिली, तिच्या भाषेला हे वळण कोठून लागले, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी आहे की, लिहिणे हे शिकलेल्यांचे काम.

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकाजवळ गोदातीरी असलेल्या जलालपूर या गावी १ जून १८६८ रोजी झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या जन्मापूर्वीच त्या घरावर एक वज्राघात होऊन गेला होता. त्यांच्या मातामहांस १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही, असा त्यांचा कडक नियम होता. धान्य तर धुतलेच पाहिजे, परंतु मीठ आणि साखरही धुतली पाहिजे! मीठ धुतल्यावर हाती काय उरत असेल ते घरातील बायकांनाच ठाऊक. मुलांचे त्यात हाल होत, आईचे त्याहून अधिक होत. तरी पुढे उतारवयात लक्ष्मीबाई हे सर्व लिहावयास बसल्या, तेव्हा त्यांनी वडिलांवर राग काढला नाही. त्या हसल्या, आणि वाचणाऱ्यालाही हसविले. पण त्या हसण्याखाली वडिलांविषयीची माया जागोजाग दिसते. मला वाटते, त्यांच्या लेखनातील पहिला गुण याच अंगणात रुजला. ज्या माणसावर आपले प्रेम आहे तोच रोज उठून विपरीत वागत असेल, तर मनुष्य एक तर कडवट होतो, नाही तर विनोदी होतो. लक्ष्मीबाई विनोदी झाल्या.

दुसरा संस्कार कानावाटे झाला. त्या काळी ब्राह्मणाच्या घरीसुद्धा मुलीच्या हाती पाटी देत नसत. परंतु कानांवर बंदी नव्हती. जात्यावरच्या ओव्या, चातुर्मासातील कहाण्या, देवळातील पुराण व कीर्तन, न्हाणीच्या तोंडाशी आणि चुलीपुढे चालणारे बायकांचे बोलणे, या सर्वांतून त्या पिढीतील मुलींस भाषा मिळे. कहाणी ज्याने ऐकली आहे त्याला ठाऊक आहे की, तिच्यात वाक्ये आखूड असतात, गोष्ट कोठे थांबत नाही, आणि राजा असो की मोलकरीण असो, दोघेही घरच्याच भाषेत बोलतात. ‘स्मृतिचित्रे’ची कोणतीही चार पाने वाचावी, तीच चाल तेथे सापडेल.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, १८८० मध्ये, त्यांचा विवाह नारायणराव टिळकांशी झाला आणि त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. टिळकांचा स्वभाव सर्वांस विदित आहे. ते बुद्धिमान, दयाळू, तापट व अस्थिर असे होते. हाती पैसा आला की तो कोणास तरी देऊन मोकळे व्हावे. नोकरी धरावी आणि सोडावी. आज येथे तर उद्या तेथे. संसाराचा गाडा ओढण्याचे काम पत्नीकडे. त्यांनीच तिला अक्षरओळख करून दिली, पण शिकविण्यात नेम असा नव्हता. लक्ष्मीबाई लिहावयास शिकल्या त्या जेमतेम, आणि व्याकरण म्हणून जे आहे ते त्यांच्या वाट्याला आलेच नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. टिळक संस्कृत पढलेले होते. त्यांच्या आरंभीच्या कवितेवर त्या शिक्षणाची छाप आहे. तशी शिकवण लक्ष्मीबाईंस पद्धतशीर मिळाली असती तर त्यांनीही कदाचित जड शब्दांची गद्यरचना केली असती, आणि मग ती आज कोणी वाचली असती की नाही याची शंकाच आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता ऐकून लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा दत्तू. नवरा जिवंत असून नाही, अशी स्थिती. आपल्या लोकांत धर्मांतराच्या कथा सांगताना बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या आनंदाविषयी पुष्कळ बोलले जाते. मागे राहिलेल्या घरात काय झाले हे कोणी फारसे सांगत नाही. लक्ष्मीबाईंनी ते सांगितले आहे. साडेचार वर्षांच्या आसपास त्या पतीपासून दूर राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने गेला. याच दिवसांत त्या पद्य रचू लागल्या. सभेत म्हणून दाखवावे किंवा छापावे असा हेतू त्यात नव्हता. जे कोणापाशी बोलता येत नव्हते ते ओळीत बसवून मन हलके करावे, एवढेच. सासुरवाशीण जात्यावर बसून ओवीत आपले दुःख दळते, तोच हा प्रकार होय. पती कवी होता म्हणून पत्नी कवयित्री झाली असे सांगण्याचा प्रघात आहे. मला तर पतीच्या विरहाचा हात त्यात अधिक दिसतो.

पुढे त्या पतीकडे परत आल्या. पण ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी, हे सर्व त्यांनी बरोबर आणले. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांस ज्या घरांच्या ओसरीवर चढण्याची मुभा नव्हती, तशा घरातील ही बाई. ख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये राहताना आपल्या मनाला काय काय वाटत होते, किती किळस येत होती, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. पुढे मनाशी झगडत असता त्यांच्या ध्यानात आले की, जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केलेल्या आहेत. तो निश्चय झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा प्रसंग त्यांनी असा लिहिला आहे की, त्यात आपला मोठेपणा मिरविण्याचा लेशही नाही. दुसरा कोणी असता तर त्याने त्या ठिकाणी एक उपदेश घातला असता. (मीच घातला असता, हे कबूल करतो.)

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य नगर जिल्ह्यात मंडळीच्या कामात गेले. राहुरीस असताना दुष्काळातील अनाथ मुलांना त्यांनी आपल्या घरात घेतले. प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा केली. या कामामुळे त्यांच्या कानांवर दुसरीच मराठी पडू लागली, ती म्हणजे नगरकडच्या खेड्यांतील, आपल्या लोकांची मराठी. माजघरातील भाषा आधीच त्यांच्याजवळ होती, तिला आता वाड्यावस्तीची भाषा मिळाली. मुलांची खोडी, म्हातारीचा त्रागा, कोणाचे भांडण, कोणाचे मरण, हे सर्व त्यांच्या लेखनात जो तो आपल्या तोंडाने बोलतो.

घरात कवींचा राबता असे. बालकवी ठोमरे हे तर काही काळ टिळकांच्याच घरी घरच्या मुलासारखे राहिले. अशा ठिकाणी मनुष्य नकळत दुसऱ्याची नक्कल करू लागतो. लक्ष्मीबाईंच्या पद्यात ही गोष्ट काही अंशी घडली असे माझे मत आहे. टिळकांनी ओवीवृत्तात ‘ख्रिस्तायन’ हे प्रभू येशूचे चरित्र लिहावयास घेतले होते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला, साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. तेव्हा ग्रंथाचे दहा अध्याय व अकराव्याचा काही भाग एवढेच तयार होते. पुढचे चौसष्ट अध्याय या अल्पशिक्षित विधवेने लिहिले! ही निष्ठा वंदनीय आहे, आणि ‘ख्रिस्तायना’तील कित्येक ओव्या कीर्तनात घेण्याजोग्या आहेत. तथापि त्यात त्या पतीच्या पावलावर पाऊल टाकून चालत आहेत हे जाणवते. अंगणात पदर खोचून उभी असलेली लक्ष्मी तेथे क्वचितच भेटते.

ती भेटते ‘स्मृतिचित्रां’त. हा ग्रंथ ग्रंथ म्हणून आरंभिलेलाच नव्हता. त्यांचा पुत्र देवदत्त यास वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. मुलाला घरातली हकीकत सांगावयाची, तेथे अलंकार कशाला? आई मुलापुढे बोलते तशा त्या बोलत गेल्या, आणि कागदावर तेच उतरले. नवऱ्याचा संताप, त्याचे न सांगता निघून जाणे, सासऱ्यांचा तऱ्हेवाईक जाच, दारिद्र्य, आपला स्वतःचा भित्रेपणा व फजिती, काही वगळले नाही. टिळकांचे दोष त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितले आहेत की एखादा भक्त वाचक बिचकून जाईल. परंतु ग्रंथ मिटल्यावर टिळकांविषयीचा आदर कमी न होता वाढलेलाच असतो. १९३४ पासून पुढे हा ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध झाला, आणि ख्रिस्ती मंडळीच्या बाहेर, जेथे आपली पुस्तके सहसा पोहोचत नाहीत, अशा घरांतही तो वाचला गेला.

आपल्या उपदेशकांच्या कामाचे अहवाल वाचण्याचा प्रसंग मला पुष्कळदा येतो. पारावर चार माणसांस पोट धरून हसविणारा आणि मग गंभीर करणारा भाऊ कागद पुढे येताच असा काही पुस्तकी होतो की, त्याच्या गावात त्या महिन्यात एकही माणूस जिवंत नव्हता असे वाटावे. कार्य समाधानकारक झाले, प्रतिसाद उत्साहवर्धक मिळाला, एवढेच त्यात असते. अमक्या म्हातारीने दारातून हाकलून दिले आणि मग मागून हाक मारून ताक दिले, हे तो आपल्याला तोंडी सांगतो. अहवालात ते नसते. आपली घरची भाषा कागदाला शोभणार नाही, अशी लाज त्याला वाटते. ती लाज लक्ष्मीबाईंस वाटली नाही, किंवा वाटली असल्यास लेकाच्या आग्रहापुढे ती टिकली नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या प्रभूकडे गेल्या. ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा अध्याय त्यांच्या हातून राहून गेला होता. तो देवदत्तांनी लिहिला, आणि दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, बाप, आई व मुलगा या तिघांच्या हातचा तो ग्रंथ छापून बाहेर पडला.