पंडिता रमाबाईंचे उतारवय

पुणे जिल्ह्यातील केडगाव ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गाने सोलापूर ओलांडून पुढे गेले की गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुरगी, लागते. हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, १९१२-१३ च्या सुमारास, केडगावच्या पंडिता रमाबाईंनी येथे शाळा काढली आणि तिची जबाबदारी आपली कन्या मनोरमाबाई हिच्याकडे सोपविली. रमाबाई त्या वेळी पंचावन्नीच्या घरात होत्या. मुक्तीचा मोठा संसार सांभाळून जे मिळाले त्यात समाधान मानावे, असे ते वय. त्यांनी मात्र शिक्षणाची सोय तुटपुंजी असलेल्या परक्या मुलुखात नवे काम अंगावर घेतले.

रमाबाईंचे पूर्वायुष्य आपल्या वाचकांस ठाऊक आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने रमेला. भागवताचे हजारो श्लोक मुलीस मुखोद्गत झाले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भाऊ गेला. विवाहास दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले आणि दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींना आणून केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. रविवारच्या शाळेत आपण मुलांस एवढे सांगतो आणि बहुधा येथेच थांबतो. आम्हांस आज त्यापुढची सुमारे सतरा वर्षे सांगावयाची आहेत.

१९०५ च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिशीत, रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठीत नवे भाषांतर करण्यास हात घातला. प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील साध्या बाईस ती उमगत नाही, ही त्यांची तक्रार होती. इंग्रजीवरून भाषांतर करणे त्यांना सोपे होते. पण मुळाशी गेल्याशिवाय त्यांचे समाधान होईना. म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकू लागल्या. ज्या बाईला संस्कृताबद्दल पंडिता व सरस्वती या पदव्या १८७८ मध्येच कलकत्त्यास मिळाल्या होत्या, ती पुन्हा विद्यार्थिनी होऊन नवी अक्षरे गिरवू लागली.

त्यातच त्यांना ऐकू कमी येत असे. हा त्रास तरुणपणापासूनचा, आणि इंग्लंडात वैद्यकीचा अभ्यास करण्याची त्यांची इच्छा त्यामुळेच राहून गेली होती. पुढे बहिरेपण वाढत गेले. बहिरेपणाने माणूस हळूहळू चारचौघांतून उठून जातो, हे आपण घरोघरी पाहतो. रमाबाई मात्र एकट्या पडल्या नाहीत. मुक्तीच्याच छापखान्यात मुली व स्त्रिया खिळे जुळवीत, छापीत, बांधणी करीत. एकेकाळी उपाशी आलेल्या मुलींच्या हातांनी ते शास्त्र आकारास येत होते. तेथे म्हाताऱ्या व दुबळ्या स्त्रियांसाठी प्रीती सदन होते आणि अंध स्त्रियांस मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. ज्याच्या अंगी जेवढी शक्ती तेवढे काम त्याला मिळावे, अशी त्या घराची रीत होती.

मग जुलै १९२१ मध्ये सर्वांत मोठा घाव बसला. जिच्या हाती सारे सोपवावयाचे, ती एकुलती एक मनोरमा चाळिशीतच प्रभूकडे गेली. स्वतः रमाबाईंचे शरीरही थकले होते. तरी शास्त्राची मुद्रिते तपासण्याचे काम सुटले नाही. हे काम हातावेगळे करूनच त्यांनी डोळे मिटले, असे मुक्तीच्या आठवणींत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. चौसष्ट वर्षे पुरी होण्यास अठरा दिवस उरले होते. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून निघाले. ते पाहावयास त्या नव्हत्या.

रमाबाईंसारखी बुद्धी सर्वांस नसते, हे आम्ही जाणतो. पण त्यांच्या उतारवयात जे दिसते त्यातील पुष्कळसे आपल्या आवाक्यातले आहे. शिकणे थांबले नाही, माणसांत वावर राहिला, आणि उद्या सकाळी कोणासाठी तरी उठावयाचे आहे ही जाणीव दुःखातही टिकली. आजचे वैद्यकही याच दिशेने बोट दाखविते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. कमी ऐकू येणे, एकलकोंडेपणा, खिन्नता आणि लहानपणी शिक्षण न मिळणे या त्यांतल्या काही होत. या सर्व जपूनही काहींना तो आजार होतोच. तो त्यांचा दोष नव्हे, विश्वासाची उणीव तर नव्हेच. ज्याला आपल्या लेकराचे नावही आठवत नाही, तोही मंडळीचा अवयवच आहे आणि त्याची खुर्ची उपासनेत राखून ठेवणे हे आपले काम आहे.

आपल्या बिदर-कलबुरगी भागातील तरुण मंडळी कामधंद्यासाठी पुण्या-हैदराबादेस जातात आणि घरी आजी-आजोबा राहतात. त्यांना आपण प्रार्थनेच्या वेळी मान देतो, पुढची जागा देतो, पण काम देत नाही. यांतील कित्येकांच्या जिभेवर मराठी, कानडी आणि उर्दू तिन्ही भाषा खेळतात. शास्त्रातील गोष्टी त्यांनी मुलांस या तिन्ही भाषांत सांगाव्या, असे आपण त्यांना कधी विनविले काय? रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी महिन्यातून एक वर्ग एखाद्या आजीकडे सोपवावा. कमी ऐकू येणाऱ्यांची कानाची तपासणी करून आणण्यास एखाद्या तरुणाने सोबत जावे. आणि ज्यांना वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना आताही अक्षरे शिकवावी. ऐंशीव्या वर्षी मोशेला पाचारण झाले आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना मंदिर सोडीत नसे, हे आपण मुलांस शिकवितो. ते आपल्याच मंडळीतील म्हाताऱ्यांविषयी खरे मानावयाचे की नाही, हे आपल्याला ठरवावयाचे आहे.