खेळ आणि भाषा जपणाऱ्या मॉरे नी खिनेडे

आयर्लंडमधील हर्लिंग हा काठी-चेंडूचा फार जुना खेळ. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो पुरुषांचाच मानला जाई. मुलींसाठी त्याचे 'कमोगी' हे रूप रुजवणाऱ्यांत मॉरे नी खिनेडे यांचे नाव अग्रभागी आहे.

मॉरेबाई डब्लिनच्या. तेव्हा शहरात इंग्रजीचा अंमल होता, आयरिश भाषा मागे पडत चालली होती. ती जगवण्यासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या त्या कार्यकर्त्या. लीगमधील मैत्रिणींनी आखूड, हलकी काठी घेऊन खेळ सुरू केला. १७ जुलै १९०४ रोजी नावन येथे पहिला जाहीर सामना झाला. पायघोळ झगे सावरत मुली धावल्या आणि मॉरेबाईंचा संघ जिंकला. १९०५ मध्ये त्या कमोगी संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

त्यांनी मुलांसाठी आयरिश नाटकेही लिहिली. ब्लास्केट बेटावरील पेग सेअर्स या वृद्धेजवळ गोष्टींचे भांडार होते, पण तिला आयरिश लिहिता येत नव्हते. बाईंनी तिला आत्मकथा सांगण्यास प्रवृत्त केले. मुलाने ती उतरवून घेतली, बाईंनी संपादन केले. १९३६ मध्ये निघालेले हे पुस्तक पुढे अनेक वर्षे तेथील शाळांत शिकवले गेले. १९६७ मध्ये बाई निवर्तल्या.

भाषा पुस्तकाइतकीच मैदानावरही जगते, हे आम्ही या चरित्रातून शिकतो. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवताना ते आम्हांला विशेष जवळचे वाटते. आपल्या मुलींनो, वर्गात मराठी वाचा आणि खो-खोच्या मैदानावरही मराठीतच हाका घाला!