रखमाबाई : एका दाव्याचे आणि एका आयुष्याचे वृत्त

डॉ. रखमाबाई यांचे नाव विधिशास्त्राच्या इतिहासात 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या दाव्यामुळे राहिले. दाव्यातील हे स्थान प्रतिवादीचे आहे. नव्वद वर्षांच्या आयुष्यातील जेमतेम चार वर्षे या दाव्याने व्यापली. पण त्या चार वर्षांत विवाहित स्त्रीच्या देहावर आणि निवासावर कोणाची सत्ता, हा प्रश्न हिंदुस्थानात प्रथमच इतक्या उघडपणे चर्चिला गेला.

रखमाबाईंचा जन्म 1864 साली मुंबईत, सुतार ज्ञातीत झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ज्ञातीच्या रूढीला तो मान्य होता. मात्र विवाहापूर्वी त्यांनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढील कलहात या मालमत्तेची छाया सतत वावरते. सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र यांत नाव मिळविलेले विद्वान. तरीही त्यांच्या घरातील मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. वर दादाजी हे त्यांचेच आप्त. त्यांनी घरी राहून शिकावे अशी अपेक्षा होती. ती फळली नाही. ते मामाकडे राहावयास गेले, आणि रखमाबाई आईच्या घरी, पुस्तकांच्या सोबतीने वाढल्या.

1884 मध्ये दादाजींनी पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी वकिलांमार्फत केली आणि मग मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पतिपत्नी कधी एकत्र नांदलीच नाहीत, तेव्हा पुनःस्थापना कशाची, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय हिंदू धर्मशास्त्रात अशा दाव्याला आधार नाही, हेही त्यांनी नोंदविले. या निकालाने सनातनी मंडळी खवळली. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी धर्मावरील आक्रमण म्हणून त्याचा समाचार घेतला. येथील विसंगती मोठी विलक्षण आहे. ज्याच्या रक्षणासाठी धर्माची हाक दिली जात होती तो उपाय मुळात इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आलेला होता. आणि खुद्द इंग्लंडने तो हुकूम न पाळणाऱ्याला होणारी कैद 1884 मध्येच रद्द केली होती. आपल्याकडे मात्र 1882 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ती कायम ठेवली होती.

याच सुमारास 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या इंग्रजी सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. लेखिका रखमाबाईच होत्या. स्वतःच्या व्यथेचा मराठी स्त्रीने केलेला इतका निर्भय उच्चार मराठीत नव्हे, इंग्रजीत व्हावा, ही बाब वाङ्मयेतिहासकाराने विचारात घ्यावी अशी आहे. तत्कालीन मराठी वृत्तपत्रसृष्टीत तिला असे निवांत ऐकून घेणारे कितीसे होते?

2 एप्रिल 1886 रोजी अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी दावा फेरचौकशीसाठी परत पाठविला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला : महिन्याच्या आत पतीकडे जावे, अन्यथा तुरुंगवासास तयार राहावे. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. संमती न विचारता झालेल्या लग्नाने आपणास बांधता येणार नाही, ही त्यांची भूमिका कायद्याच्या चौकटीत बसणारी नव्हती, म्हणूनच ती महत्त्वाची. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला अशी हकीकत अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. ती विश्वसनीय नाही. 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली, एवढेच घडले. विवाह कायद्याने मोडला नाही. संमतिवयाचा 1891 चा कायदा ज्या वातावरणात झाला त्याची पार्श्वभूमी मात्र या दाव्याने तयार केली होती.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची आणि इतर हितचिंतक यांच्या साहाय्याने रखमाबाई 1889 मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या व 1894 मध्ये पदवी मिळवून परतल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन तपांहून थोडीच कमी सेवा केली. या दीर्घ काळाविषयी चरित्रकार सहसा घाईने लिहितात; पण बाळंतपणासाठी रुग्णालयाची पायरी चढावयास भिणाऱ्या बायकांचा विश्वास मिळविणे हे न्यायालयातील लढ्याहून सोपे काम नव्हते. उतारवयात मुंबईस परतल्यावर त्यांनी पडदापद्धतीविरुद्धही लिहिले.

1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी वैधव्याची पांढरी वस्त्रे धारण केली असे सांगतात. ज्या नात्याला त्यांनी कधी मान्यता दिली नाही त्याचे हे चिन्ह त्यांनी का पत्करले असावे? सुरतेसारख्या शहरात रुग्ण स्त्रियांमध्ये वावरणाऱ्या एकट्या डॉक्टर स्त्रीला ते उपयोगाचे कवच होते असा तर्क करता येईल. प्रस्तुत लेखकाला तो पुरेसा वाटत नाही.

हुकूम मोडल्याबद्दलची कैद आपल्याकडे 1923 मध्ये रद्द झाली. रखमाबाई 25 सप्टेंबर 1955 रोजी निवर्तल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने घटस्फोटाचा हक्क दिला आणि नवव्या कलमात दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा उपायही ठेवला. आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने 1983 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ते वैध असल्याचा निर्णय दिला.